ईआरसीपीने खडा निघाला नाही, तर पोट उघडावंच लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातल्या एका ताईंच्या सासूबाई, वय ६६, मधुमेह आहे. काविळ झाली म्हणून तपासण्या केल्या. एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये) मुख्य पित्तनलिका २० मिलिमीटर फुगलेली, तिच्यात १८ मिलिमीटरचा एक खडा आणि पित्ताशयात बारीक खडे निघाले. पहिल्या ठिकाणी ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढण्याचं काम, करताना नलिकेच्या तोंडात वायर गेलीच नाही. दुसऱ्या ठिकाणी गेली, तोंडाला छेदही दिला, पण खडा बाहेर आला नाही. पित्ताला वाट राहावी म्हणून नलिकेत प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, टाकून घरी पाठवलं. काविळ उतरली. आता एक डॉक्टर मोठं ऑपरेशन सांगतात, नातेवाईक म्हणतात मुंबईला न्या, आणि सासूबाई म्हणतात, ‘बरं वाटतंय ना, राहू द्या.’ ताईंचं विचारणं आहे: हा खडा दुर्बिणीतून निघतो का, आणि घाई किती आहे?

ताई, उत्तर आधी देतो. हो, निघतो. सासूबाईंसारख्या बहुतेक रुग्णांचा खडा पोटावर मोठा छेद न घेता काढता येतो, आणि पित्ताशयही त्याच भुलीत काढून होतं. पण ‘राहू द्या’ हे चालणार नाही. त्यांना बरं वाटतंय ते स्टेंटमुळे. खडा जिथल्या तिथे आहे.

आता सविस्तर. माझ्याकडे असे रुग्ण फाइल घेऊन येतात तेव्हा मी पहिल्यांदा ईआरसीपीची नोंद वाचतो, सोनोग्राफी नंतर. कारण ‘ईआरसीपी अयशस्वी’ एवढ्या दोन शब्दांवर पुढचं काहीच ठरत नाही. का जमली नाही, ते कळलं की निम्मं ठरतं.

ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात नेतात. तिथे आतल्या भिंतीवर एक छोटा उंचवटा असतो, त्यात पित्तनलिकेचं तोंड. तिथून वायर वर सरकवायची, तोंडाला छोटा छेद द्यायचा आणि फुग्याने किंवा जाळीदार बास्केटने खडा खाली ओढून आतड्यात सोडायचा. तो पुढे शौचावाटे जातो. जर्मनी आणि जपानमध्ये १९७४ साली हा छेद देण्याची पद्धत सुरू झाली. त्याआधी नलिकेतल्या खड्याला पोट उघडण्यावाचून गत नव्हती. आज अनुभवी हातात शंभरातल्या नव्वदहून जास्त रुग्णांचं काम ईआरसीपीनेच होतं, आणि तेच पहिलं पाऊल असावं असं मीही म्हणतो. आपला प्रश्न उरलेल्यांचा आहे.

उरलेल्यांत दोन तऱ्हा. काहींच्या बाबतीत तोंडापर्यंत पोचता येत नाही, किंवा पोचून आत शिरता येत नाही. आतड्याच्या भिंतीला तिथेच बाहेरच्या बाजूने खिसा तयार झालेला असतो आणि नलिकेचं तोंड त्या खिशाच्या काठावर किंवा आत दडलेलं असतं. उतारवयात हे बऱ्यापैकी दिसतं. काहींचं जठराचं जुनं ऑपरेशन झालेलं असतं. दुसऱ्या तऱ्हेत वायर नीट जाते, पण खडा येत नाही: १५ मिलिमीटरच्या वर गेलेला असतो, किंवा नलिकेचा खालचा भाग चिंचोळा असतो, किंवा खडा यकृतातल्या फांदीत असतो, किंवा पित्ताशयाच्या मानेत अडकून बाहेरून मुख्य नलिका दाबत असतो.

सासूबाईंच्या बाबतीत पहिल्या ठिकाणी पहिली अडचण आली, दुसऱ्या ठिकाणी दुसरी. म्हणजे वाट सापडली आहे, अडलंय ते खड्याच्या आकारावर. आणि हे त्यांच्या बाजूचं आहे.

अशा वेळी तिसरी ईआरसीपी करावी का? त्याच साहित्याने, तोच प्रयत्न पुन्हा, असं असेल तर मी नाही म्हणेन. प्रत्येक प्रयत्नात स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. शंभरातल्या सरासरी पाच-दहा जणांना ती येते. बहुतेकांची सौम्य असते, पण एखाद्याची जिवावर बेतते. मात्र पुढच्या ठिकाणी वेगळं साहित्य असेल तर गोष्ट वेगळी. छेद दिलेल्या तोंडाला १२ ते २० मिलिमीटरच्या मोठ्या फुग्याने रुंद करता येतं, अर्थात नलिकेच्या रुंदीपेक्षा मोठा फुगा कधीच नाही. खडा आतच चिरडणारी बास्केट असते. आणि कोलँजिओस्कोप म्हणून अगदी बारीक दुर्बीण असते, ती मोठ्या दुर्बिणीच्या पोटातून थेट पित्तनलिकेत जाते. खडा डोळ्यांसमोर ठेवून लेझरने फोडता येतो. साधन उत्तम आहे, महाग आहे, आणि सगळीकडे नाही.

सासूबाईंचं पित्ताशय आधीच काढलेलं असतं, तर मी हाच लेझरचा रस्ता पहिला सुचवला असता. पण पित्ताशय जागेवर आहे, त्यात खडे आहेत. नलिका साफ झाली तरी पित्ताशयासाठी ऑपरेशन करावंच लागेल, आणि तेही लांबवून चालत नाही, कारण पित्ताशयातला पुढचा खडा पुन्हा त्याच नलिकेत उतरतो. मग दोन कामं दोन ठिकाणी, दोन भुलीत करण्यापेक्षा एकाच भुलीत दोन्ही केलेली बरी. म्हणून त्या भुलीला फिट असतील तर माझा कौल लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटावरच्या छोट्या छेदांतून दुर्बीण घालून, पित्तनलिका उघडून खडा काढण्याला. आपल्याकडे लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. त्याच दशकात जगभर पित्तनलिकेचं कामही या पद्धतीने होऊ लागलं. पित्ताशयाचं ऑपरेशन आज तालुक्याच्या गावी होतं. नलिकेचं काम मात्र ज्याला आत टाके घालण्याचा सराव आहे त्यानेच करावं.

हे होतं कसं, ते सांगतो, म्हणजे घरी समजावता येईल. पित्ताशयासाठी घेतात तसेच चार छोटे छेद, कधी पाचवा. पोटात वायू भरून जागा करायची, यकृत वर उचलायचं, पित्ताशयाची मान मोकळी करायची. खडे बारीक असतील, पाच-सहा मिलिमीटरपर्यंत, तर पित्ताशयाच्या स्वतःच्या नळीतूनच बास्केट आत घालून ते काढता येतात. मग मुख्य नलिकेला हातही लावावा लागत नाही, आणि रुग्ण साध्या पित्ताशयाच्या ऑपरेशनइतक्याच लवकर घरी जातो. १८ मिलिमीटरच्या खड्याला ती वाट पुरत नाही. मग मुख्य नलिकेच्या पुढच्या भिंतीवर उभा छेद घ्यायचा, खडा जेवढा तेवढाच. छेद दिला की आधी पित्त येतं, आणि स्टेंट काही दिवस राहिलेला असेल तर त्याच्याबरोबर गढूळ, चिकट गाळ येतो. तो सलाईनने धुवावा लागतो. मग दोन बोथट उपकरणांनी नलिकेला खालून हळूहळू वर दाबत आणायचं; खडा छेदाशी येतो, त्याची कड दिसते. इथे घाई करायची नाही. तपकिरी खडा मऊ असतो, चिमट्यात धरला की चुरा होतो आणि तुकडे वरखाली पसरतात. त्यापेक्षा त्याला आपणहून सरकू द्यावं आणि बाहेर आल्याबरोबर पिशवीत घ्यावं.

खडा निघाला म्हणजे काम संपलं नाही. तीन ते पाच मिलिमीटर जाडीची कोलेडोकोस्कोप नावाची दुर्बीण त्याच छेदातून आत घालून आधी वर यकृताच्या दोन्ही फांद्या बघायच्या, मग खाली आतड्याच्या तोंडापर्यंत. एमआरसीपीत एक खडा दिसला म्हणजे एकच असतो असं नाही. नलिका गुलाबी आणि स्वच्छ दिसली की आपोआप विरघळणाऱ्या बारीक धाग्याने छेद शिवायचा. सासूबाईंना स्टेंट आहेच. तो आत ठेवून वरून शिवता येतं. पित्ताला खाली वाट मोकळी मिळते, टाक्यांवर दाब येत नाही, आणि काही आठवड्यांनी तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट काढतात. तेवढ्या कामाला दहा मिनिटंही लागत नाहीत. पूर्वी सगळ्यांनाच टी-ट्यूब, म्हणजे नलिकेतलं पित्त पोटाबाहेर आणणारी नळी, ठेवत, दोन-तीन आठवडे कमरेला पिशवी बांधून फिरावं लागे. आता ती मोजक्यांनाच लागते: सूज फार असेल, किंवा वर खडे राहिल्याची शंका असेल तेव्हा.

नलिका किती रुंद आहे याला फार महत्त्व आहे. आठ-दहा मिलिमीटरच्या खालच्या नलिकेवर छेद घेतला तर शिवल्यानंतर ती आवळते आणि पुढे आयुष्यभराचा त्रास होतो. सासूबाईंची २० मिलिमीटरची आहे, म्हणजे शिवायला भरपूर. खडा मोठा म्हणून तुम्ही घाबरलात. आमच्या दृष्टीने मोठा खडा आणि रुंद नलिका ही जोडी लॅपरोस्कोपीला सोयीची आहे.

धोके लपवणार नाही. टाक्यांतून पित्त झिरपू शकतं. म्हणून बाजूला ड्रेनची नळी ठेवतात. तिच्यात पिवळं-हिरवं पाणी आलं तरी बहुतेकदा ते काही दिवसांत आपसूक थांबतं. एखादा तुकडा मागे राहू शकतो. आणि सूज, चिकटलेली आतडी किंवा रक्तस्राव यामुळे सर्जनला मधेच पोट उघडावं लागू शकतं. त्या संमतीच्या कागदावर सही करताना घाबरू नका. जो सर्जन वेळेवर पोट उघडायला तयार असतो, त्याच्याच हाती मी माझा माणूस देईन.

भुलीला फिट नसलेल्या रुग्णांसाठी तिसरी वाट आहे: त्वचेतून यकृतात. सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या साह्याने बरगड्यांखालून किंवा बरगड्यांमधून बारीक सुई यकृतातल्या पित्ताच्या फांदीत नेतात, तिच्यातून वायर, वायरवरून नळी. याला पीटीबीडी म्हणतात आणि हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं. फक्त ती जागा बधिर करून होतं, त्यामुळे हृदय कमजोर असलेल्या ऐंशीच्या आजोबांनाही सोसतं. आधी पित्त बाहेर काढून जंतुसंसर्ग आटोक्यात आणायचा. मग काही दिवसांनी त्याच वाटेने फुगा नेऊन खालचं तोंड रुंद करायचं आणि खडा आतड्यात ढकलायचा. खडा मोठा असेल तर दोनेक आठवडे वाट पक्की होऊ द्यायची, मग तिच्यातून दुर्बीण घालून लेझरने फोडायचा. दोन-तीन वेळा यावं लागतं, नळी सांभाळावी लागते, पण पोटावर टाका नसतो. हीच वायर खाली आतड्यात उतरवून तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने पकडायची, असाही मेळ घालतात. पित्तनलिकेचं तोंड खिशात दडलेलं असेल तर त्याचा फार उपयोग होतो.

आपल्या भागात ज्येष्ठांमध्ये एक गोष्ट हमखास विचारावी लागते. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कित्येकांचं तरुणपणी अल्सरचं ऑपरेशन झालेलं असतं. आम्लाच्या चांगल्या गोळ्या यायच्या आधीचा तो काळ. जठर थेट खालच्या आतड्याला जोडलेलं, काहींचा जठराचा तुकडाही काढलेला, आणि पुढची मूळ वाट व्रणाने आकसलेली. ईआरसीपीची दुर्बीण तिथे पोचतच नाही, किंवा उलट्या बाजूने लांबचा वळसा घेऊन पोचते. घरातल्या ज्येष्ठांच्या पोटावर बेंबीच्या वर उभा जुना व्रण असेल तर ईआरसीपीच्या आधीच डॉक्टरांना सांगा. जुने कागद नसतात, कोणी विचारलं नाही तर कोणी सांगत नाही, आणि मग एक फेरी फुकट जाते. अशांना लॅपरोस्कोपी किंवा पीटीबीडी, दोन्हींपैकी जे जवळ आणि चांगलं होतं ते.

दुसरी गोष्ट सातपुड्याच्या पट्ट्यातली. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा या भागातल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. त्यात तांबड्या पेशी सतत मोडतात आणि त्यातून काळे खडे होतात, तेही बारा-पंधराव्या वर्षी. त्या मुलाचे डोळे आधीपासूनच थोडे पिवळे असतात, त्यामुळे नलिकेत खडा अडकला तरी ‘सिकलचंच आहे’ म्हणून दिवस निघून जातात. पिवळेपणा नेहमीपेक्षा वाढला, लघवी गडद झाली, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर सोनोग्राफी झालीच पाहिजे. या मुलांमध्ये मला लॅपरोस्कोपी आणखी एका कारणासाठी आवडते: नलिकेच्या तोंडाचा झडपेसारखा स्नायू न कापता खडा निघतो, आणि त्यांना तो स्नायू पुढची पन्नास-साठ वर्षं वापरायचा असतो. मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलची पूर्वकल्पना हवी. अंग गार पडू देऊ नये, पाणी कमी पडू देऊ नये, ऑक्सिजन उतरू देऊ नये, आणि गरजेप्रमाणे आधी रक्त द्यावं लागतं.

काविळीच्या झाडपाल्याबद्दलही सांगतो, कारण याच कारणाने अनेक जण उशिरा येतात. विषाणूची काविळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपण उतरते, त्यामुळे त्या काळात घेतलेल्या औषधाला यश मिळतं. खड्याने अडलेली काविळ तशी नसते. मातकट-पांढरी शौच, चहासारखी लघवी, ‘आंगले खाज येस’ अशी रात्रभराची तक्रार आणि मधूनमधून कळ, हे दिसलं की पाल्याने वेळ जातो, खडा जात नाही.

घाई किती, हे विचारलंत. थंडी वाजून ताप, काविळ आणि पोटात दुखणं ही तिन्ही एकत्र आली, तर नलिकेत पू झाला असं समजा. त्यात माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा रक्तदाब उतरला, तर ती काही तासांची लढाई असते. त्या रात्री खडा काढायचा हट्ट कोणी धरू नये. स्टेंट टाकून किंवा पीटीबीडी करून पित्ताला वाट करून द्यायची, अँटिबायोटिक सुरू करायचं आणि खडा नंतर बघायचा. जळगाव, धुळे, नाशिक, नंदुरबारहून सुरत, जिथे ही सोय सगळ्यात लवकर मिळेल तिथे जा. आधी फोन करून विचारा की आज रात्री ईआरसीपी किंवा पीटीबीडी करणारे डॉक्टर हजर आहेत का. बंद दारापर्यंत रुग्णवाहिका नेण्यात जे दोन तास जातात ते परत मिळत नाहीत.

सासूबाईंना आज तशी घाई नाही, पण मुदत आहे. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत आतून तुंबतो. तुंबला की पुन्हा काविळ, पुन्हा ताप. त्याहून वाईट म्हणजे विसरलेला स्टेंट. दिवाळीनंतर नवापूर, साक्रीकडून ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं सहा-सात महिन्यांनी परततात. स्टेंटचा कागद झोपडीच्या आढ्याला खोचलेला असतो. दोन-दोन वर्षं राहिलेल्या स्टेंटभोवती खडा तयार झालेला मी काढला आहे. एका टोकाला स्टेंट, दुसऱ्या टोकाला स्टेंट आणि मधे त्याला वेढून बसलेला तपकिरी गोळा. ओढला तर स्टेंट तुटतो. जे काम दहा मिनिटांचं होतं त्याला मग मोठं ऑपरेशन लागतं. रुग्ण निष्काळजी असतो म्हणून हे होत नाही. स्टेंट म्हणजे तात्पुरती सोय आहे आणि तो अमुक तारखेला काढायचा आहे, हे त्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेलंच नसतं. आम्ही डॉक्टरांनी ही तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिली पाहिजे आणि घरातल्या शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्येही टाकली पाहिजे.

मुंबईलाच न्यायला हवं असं नाही. सर्जनला सरळ विचारा: तुमच्याकडे कोलेडोकोस्कोप आहे का, हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का, आणि एखादा तुकडा मागे राहिला तर ईआरसीपी करणारे डॉक्टर याच गावात आहेत का? चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. तिन्हींना हो असेल तर घराजवळ करा. ऑपरेशननंतरच्या आठवड्यात ड्रेन दाखवायला जळगावला जाणं आणि मुंबईला जाणं यात मोठा फरक आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि हे ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) दाखल होण्याआधी विचारा, नंतर नाही.

सोबत काय न्यायचं: एमआरसीपीची सीडी, नुसता रिपोर्ट नाही, दोन्ही ईआरसीपींच्या नोंदी, त्यात स्टेंट टाकल्याची तारीख, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच. या आठवड्यात बिलिरुबिन, लिव्हरचे एन्झाइम, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर करून घ्या. काविळीत पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. आयएनआर वाढलेला असेल तर त्या जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन तो आधी खाली आणतात. साखर नियंत्रणात आली की ऑपरेशनची तारीख घ्या, आणि ती स्टेंटला तीन महिने पुरे होण्याच्या आत असू द्या. तोवर भरीत-शेवभाजीची तेलाची तर्री बाजूला. भाकरी, वरण-भात, ताक चालेल. आणि मधल्या काळात थंडी वाजून ताप आला तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखल करा.